विकासनिधी आणि युद्धे रोखण्याचे काम : पार्श्वभूमी

1948 च्या मार्शल योजनेने, म्हणजे महायुद्धानंतरच्या अमेरिकी मदतीने, पश्चिम युरोप सावरला आणि गरिबी हटली की अशांतताही हटते, हा समज रूढ झाला. शीतयुद्धाच्या काळात मात्र निधी कुणाला द्यायचा हे बरेचदा गरजेपेक्षा गट पाहून ठरत असे.

तो समज रवांडात मोडला. 1994 पूर्वी हा आफ्रिकी देश मदत देणाऱ्या देशांचा, म्हणजे देणगीदारांचा, लाडका होता. विकासाचे प्रकल्प सुरू होते. नागरिकांच्या ओळखपत्रांवर हुतू की तुत्सी, म्हणजे तिथल्या दोन समाजांपैकी कोणता, ही नोंदही सुरूच होती आणि तिच्यापायी कुणी निधी अडवला नाही. 1994 मध्ये शंभर दिवसांत सुमारे 8 लाख माणसे, मुख्यतः तुत्सी, मारली गेली. 1997 मध्ये देणगीदार देशांनी मार्गदर्शक तत्त्वे आखली. आपल्या पैशाने समाजातली तेढ वाढते की कमी होते, हे तपासण्याची जबाबदारी त्यांनी पहिल्यांदाच एकत्रितपणे मान्य केली.

खरी ओढाताण पुढे झाली ती हिशेबावरून, म्हणजे कोणता खर्च विकासमदत म्हणून मोजायचा यावरून. लष्करी साहित्याचा खर्च विकासमदतीत धरायचा नाही, हा जुना दंडक. 2004-05 मध्ये सुरक्षा यंत्रणेवरची नागरी देखरेख, छोट्या शस्त्रांना आळा आणि बालसैनिकांची सुटका ही कामे मदतीत धरली गेली, आणि ते योग्यच होते. 2016 मध्ये मात्र हिंसक अतिरेकवाद रोखण्याचे उपक्रम आणि मर्यादित लष्करी प्रशिक्षणही त्यात आले. सुरक्षेवाचून विकास नाही, हे समर्थकांचे म्हणणे खोटे नाही. पण अतिरेकवादाची भीती देणाऱ्याला अधिक असते; घेणाऱ्या गावाचा तंटा अनेकदा जमिनीचा, पाण्याचा किंवा पोलिसी जुलमाचा असतो. त्या तंट्यासाठीचा पैसा दुसरीकडे वळू लागला. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेसाठी दिलेल्या वर्गणीतला मदत म्हणून मोजायचा वाटाही 7 वरून 15 टक्क्यांवर गेला. निर्वासितांवर स्वतःच्याच देशात पहिल्या वर्षी होणारा खर्च तर आधीपासूनच मदतीत धरला जात होता. जर्मनीने 2016 मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्के मदत देण्याचे आंतरराष्ट्रीय उद्दिष्ट गाठले ते मुख्यतः या खर्चाच्या बळावर. युद्ध रोखण्यात आलेल्या अपयशाची किंमत अशी मदतीच्याच खात्यावर जमा झाली.

आता खातेच आटते आहे. ब्रिटनने 2021 मध्ये 0.7 वरून 0.5 टक्क्यांवर कपात केली. 2027 पर्यंत 0.3 टक्क्यांवर उतरण्याचे 2025 मध्ये जाहीर झाले, तेही संरक्षणखर्च वाढवण्यासाठी. त्याच वर्षी अमेरिकेने आपली मुख्य मदतसंस्था (यूएसएड) मोडीत काढली.