पार्श्वभूमी : स्लीप ॲप्नियातला 3 आणि 4 टक्क्यांचा वाद

झोपेत घशाची वाट मिटून श्वास अडतो, हे 1965 मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी स्वतंत्रपणे नोंदवले. पुढची बरीच वर्षे खात्रीचा इलाज एकच होता, गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिका उघडी ठेवणे. 1981 मध्ये ऑस्ट्रेलियातून सीपॅप आले, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन झोपेत घसा उघडा ठेवणारे यंत्र. उपचार सोसवेल असा झाला, तसा रुग्ण कोणाला म्हणायचे हा प्रश्न ऐरणीवर आला.

उत्तर एएचआयवर सोपवले गेले, म्हणजे झोपेत तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबतो किंवा अपुरा पडतो त्या आकड्यावर. 5 च्या खाली ठीक, 15 पासून मध्यम, 30 पासून तीव्र. पूर्ण थांबलेला श्वास मोजणे सोपे असते, 10 सेकंद प्रवाह बंद की झाली नोंद. घोळ आहे तो हायपोप्नियाचा, म्हणजे चालू असूनही अपुऱ्या श्वासाचा. 2007 च्या अमेरिकी नियमावलीने प्रवाहात 30 टक्के घट आणि ऑक्सिजनमध्ये 4 टक्के घसरण अशी मुख्य व्याख्या दिली. सोबत एक पर्यायी व्याख्याही ठेवली, त्यामुळे गोंधळ वाढलाच. 2012 मध्ये 3 टक्के पुरेसे ठरले. ऑक्सिजन तेवढा उतरला नाही, पण मेंदूच्या लहरींत क्षणभर जाग दिसली, तरी ती नोंद धरायची असेही ठरले. अमेरिकेतली ज्येष्ठांची सरकारी विमा योजना मात्र 4 टक्क्यांवर अडून राहिली. एकाच रात्रीच्या एकाच नोंदीवरून माणूस एका नियमाने रुग्ण, दुसऱ्याने निरोगी!

4 टक्केवाल्यांचा मुद्दा पोकळ नाही. क्षणिक जाग ओळखण्यात तंत्रज्ञांचे एकमत होत नाही, ऑक्सिजनची घसरण यंत्रच दाखवते. पण या चाळणीतून गळते कोण? सडपातळ माणसे, तरुण, आणि विशेषतः स्त्रिया. ऑक्सिजन फार उतरायच्या आत त्यांना जाग येते, रात्रभर झोप तुटत राहते आणि रिपोर्ट 'नॉर्मल' येतो. मग थकव्याचे खापर ताणावर फुटते. हा अन्याय आकडेवारीच्या सोयीपेक्षा मोठा आहे. घरी होणाऱ्या बहुतेक चाचण्यांत मेंदूच्या लहरी नोंदल्याच जात नाहीत, त्यामुळे नवा नियम पाळूनही ही माणसे निसटतात.

2016 च्या मोठ्या चाचणीत सीपॅपने हृदयविकार आणि पक्षाघात कमी झाले नाहीत, दिवसाची पेंग मात्र कमी झाली. मास्कचा सरासरी वापर रात्री जेमतेम 3.3 तास होता, हे वाचताना विसरू नये. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेने वजन घटवणाऱ्या टिर्झेपटाइड या इंजेक्शनला मान्यता दिली, ती लठ्ठपणासह 'मध्यम ते तीव्र' ॲप्निया असलेल्या प्रौढांसाठी. त्यातला 'मध्यम' सुरू होतो 15 पासून, आणि 15 भरतात की नाही हे पुन्हा हायपोप्निया कसा मोजला यावरच ठरते.