कॅथलिक मठात प्रवेश : पात्रता, कागदपत्रे आणि व्रतबंधनापर्यंतच्या पायऱ्या

फॉर्म भरला, फोटो चिकटवला आणि प्रवेश मिळाला, असं मठाच्या बाबतीत होत नाही. आधी आपल्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोलायचं आणि मग ज्या मठाकडे मन ओढ घेतंय तिथल्या प्रमुखांना साधं पत्र लिहायचं. उत्तराला वेळ लागला तर खचून जाऊ नका. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठजीवनासाठीच्या आपल्या नियमावलीच्या 58 व्या अध्यायात लिहून ठेवलंय की, नव्याने येणाऱ्याला सहज आत घेऊ नये. चार-पाच दिवस तो दार ठोठावत राहिला, टाकून बोललेलं सोसूनही हटला नाही, तरच त्याला आत घ्यावं. हा कठोरपणा नव्हे. देवाने हाक दिली आहे की आपणच कशापासून पळतोय, हे उमगायला माणसाला सवड लागते, आणि ती सवड मठ त्याला देतो.

वसई, मुंबई, गोवा इथले बहुतेक कॅथलिक लॅटिन परंपरेतले. त्यांना 1983 ची कॅनन लॉ संहिता, म्हणजे चर्चच्या कायद्याची संहिता, लागू होते. केरळमधल्या सिरो-मलबार आणि सिरो-मलंकारा चर्चसाठी 1990 ची वेगळी संहिता आहे. इथे पुढे सांगितलेत ते 1983 च्या संहितेतले नियम.

पात्रता

अर्जदार कॅथलिक हवा, हेतू शुद्ध हवा, तब्येत आणि स्वभाव संघजीवनाला (व्रतस्थांच्या एकत्र राहणीला) मानवणारा हवा. नवदीक्षेला, म्हणजे व्रतांआधीच्या पारखीच्या काळाला, नोव्हिशिएटला, 17 वर्षं पूर्ण लागतात. लग्न झालेलं असेल आणि ते टिकून असेल तर प्रवेश वैध ठरत नाही. दुसऱ्या संघाच्या व्रतांनी आधीच बांधलेल्यालाही तो मिळत नाही. धाकाने, जबरदस्तीने किंवा फसवून आत आणलेल्याचा प्रवेश तर मुळातच रद्द असतो. ‘एक तरी मूल देवाला द्यायचं’ असं घरात बोललं जातं, त्यामागे श्रद्धा असते हे मान्य. पण देणारं ते मूल स्वतः असावं लागतं.

कर्जाचाही नियम आहे. फेडता येत नाही असं कर्ज डोक्यावर असेल तर प्रवेश देऊ नये, असं संहिता सांगते. शैक्षणिक कर्जाचे हप्ते चालू असतील तर पहिल्याच भेटीत सांगून टाका. आपली देणी चुकवणं हासुद्धा सद्गुणच.

कागदपत्रे

स्नानसंस्काराचा (बाप्तिस्म्याचा) दाखला, दृढीकरण संस्काराचा (कन्फर्मेशनचा) दाखला आणि अविवाहित किंवा विवाहबंधनातून मुक्त असल्याचा पुरावा, हे तीन सर्वांना लागतात. आधी सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात) किंवा दुसऱ्या संघात राहिला असाल तर तिथल्या प्रमुखांचं पत्रही द्यावं लागतं, आणि ही गोष्ट लपवू नये. प्रमुखांना गरज वाटली तर ते आणखी माहिती मागवू शकतात, जाणकारांचा सल्ला घेऊ शकतात. मात्र अर्जदाराच्या खासगीपणाला धक्का न लावता.

यातला स्नानसंस्काराचा दाखला नीट समजून घ्या. आईने ट्रंकेत जपून ठेवलेला जुना कागद सहसा चालत नाही; ज्या चर्चमध्ये स्नानसंस्कार झाला तिथून नवा काढून आणावा. कारण असं की त्या चर्चच्या नोंदवहीत तुमच्या नावापुढे नंतरच्या गोष्टीही लिहिल्या जातात : दृढीकरण, विवाह, गुरुदीक्षा (धर्मगुरुपदाची दीक्षा). नव्या दाखल्यावर त्या सगळ्या उतरतात. आणि आजीवन व्रतं घेतलीत की त्याची नोंदही त्याच वहीत, त्याच नावापुढे होते. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी ओतलं तेव्हा सुरू झालेली ओळ तिथे पुढे चालते. मठातलं जीवन म्हणजे स्नानसंस्कारात मिळालेलं देणं पूर्णपणे जगणं, हे मला त्या वहीइतकं स्पष्ट कुणी सांगितलेलं नाही.

पायऱ्या

नोव्हिशिएट निदान 12 महिन्यांचं आणि जास्तीत जास्त दोन वर्षांचं. नवदीक्षित व्यक्ती त्या घराबाहेर एकूण तीन महिन्यांहून जास्त राहिली तर नोव्हिशिएट अवैध ठरतं, 15 दिवसांहून जास्त राहिली तर तेवढे दिवस भरून काढावे लागतात. या काळात कधीही घरी परत जाता येतं. त्यानंतर ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन यांची तात्पुरती व्रतं : वय निदान 18, मुदत तीन ते सहा वर्षं, गरज पडल्यास एकूण नऊपर्यंत. आजीवन व्रतांना 21 वर्षं पूर्ण लागतात.

बंदिस्त मठात राहून प्रार्थनेला वाहून घेणाऱ्या धर्मभगिनींची, उदाहरणार्थ कार्मेलाइट भगिनींची, वाट आणखी लांब आहे. रोमच्या 2018 च्या सूचनेनुसार त्यांचं प्राथमिक प्रशिक्षण नऊ वर्षांपेक्षा कमी आणि बारापेक्षा जास्त नसावं.

मालमत्तेचं मात्र आधीच आटपावं लागतं. पहिल्या व्रतांपूर्वी तिची व्यवस्था दुसऱ्याकडे सोपवायची, आणि निदान आजीवन व्रतांपूर्वी देशाच्या कायद्यातही टिकेल असं मृत्युपत्र करायचं. आपल्याकडे त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात.

शेवटचा अर्ज

संत बेनेडिक्टच्या मठात खरा लेखी अर्ज येतो तो अगदी शेवटी. वर्षभरात नव्याने आलेल्याला नियमावली तीनदा वाचून दाखवलेली असते, आणि जायचं असेल तर जा, असं सांगितलेलं असतं. मग तो स्वतःच्या हाताने व्रतपत्र लिहितो. लिहिता येत नसेल तर दुसऱ्याकडून लिहून घेऊन त्यावर आपली खूण करतो आणि ते वेदीवर ठेवतो. ‘प्रभो, तुझ्या वचनाप्रमाणे माझा स्वीकार कर, म्हणजे मी जगेन, माझी आशा फोल होऊ देऊ नकोस,’ असं स्तोत्रातलं वचन तो तीनदा म्हणतो आणि सगळा संघ तीनदा त्याच्यामागे म्हणतो. मग त्याला मठाची वस्त्रं घालतात. अंगावरचे स्वतःचे कपडे फेकून देत नाहीत, कोठीत जपून ठेवतात. उद्या तो निघून गेलाच, तर ते त्याला परत मिळतात. वेदीवर ठेवलेला कागद मात्र मठातच राहतो.