पिक्चर लागलाय, मन लागत नाही

अमेरिकेतल्या क्लार्क विद्यापीठात रॉबिन डॅमरॅड-फ्राय आणि जेम्स लेअर्ड या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा पण जरा खोडसाळ प्रयोग केला. तो १९८९ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना एका खोलीत बसवून ध्वनिमुद्रित लेख ऐकायला दिला. शेजारच्या खोलीत टीव्ही होता. काहींच्या वेळी तो मोठ्याने लावलेला, काहींच्या वेळी बंद, आणि काहींच्या वेळी इतका हळू की कानावर काही पडतंय हे ध्यानातही येऊ नये. नंतर सगळ्यांना विचारलं, लेख कसा वाटला? सर्वांत जास्त कंटाळले होते ते हळू आवाजवाले. मोठ्या आवाजात बसलेल्यांचंही लक्ष उडालं होतं, पण त्यांना गुन्हेगार सापडलेला होता, तो मेला शेजारचा टीव्ही! हळू आवाजवाल्यांचं लक्ष का उडतंय हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. मग त्यांनी ठरवून टाकलं, लेखच रटाळ आहे.

कंटाळा ही नुसती भावना नाही, आपल्या लक्षाबद्दल आपणच बांधलेला तो एक अंदाजही असतो. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातले जॉन ईस्टवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये कंटाळ्याची व्याख्याच लक्षाच्या भाषेत केली: मन कशात तरी गुंतावं असं वाटतं, ते गुंतत नाही, हे आपल्याला जाणवतं, आणि खापर आपण समोरच्या गोष्टीवर फोडतो.

‘सगळे जिच्यावर फिदा आहेत ती वेबसीरिज मी दुसऱ्या भागात सोडली’, ‘हल्ली कुठलाच पिक्चर शेवटपर्यंत बघवत नाही’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे निकाल दोनच असतात. एक तर हल्ली सगळं भिकारच बनतं, नाही तर मोबाईलने माझा मेंदू नासला. दोन्हींत तथ्य असू शकतं, पण दोन्ही निकाल घाईचे आहेत. शेजारच्या खोलीत काय चालू आहे ते आधी बघायला हवं.

त्यासाठी सिनेमा बघताना आपण नेमकं काय करत असतो, इथून सुरुवात करू. बघणं म्हणजे नुसतं पडून राहणं, असा समज आहे. मेंदू-संशोधक युरी हॅसन यांच्या गटाने २००४ मध्ये पाच जणांना एमआरआय यंत्रात झोपवून ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ या चित्रपटाचा अर्ध्या तासाचा सलग तुकडा दाखवला. कुठे बघा, काय लक्षात ठेवा, अशी काहीही सूचना नव्हती. तरीही वेगवेगळ्या डोक्यांतल्या मेंदूच्या बाह्यपटलाच्या बऱ्याच मोठ्या भागात हालचाल एकाच तालात चढत-उतरत होती. पुढे २००८ मध्ये त्यांनी वेगवेगळ्या प्रकारची दृश्यं ताडून पाहिली. रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याच्या एका टीव्ही भागाने प्रेक्षकांच्या बाह्यपटलाचा सुमारे ६५ टक्के भाग एका तालात आणला. वरच्या चित्रपटाने ४५ टक्के, एका विनोदी मालिकेने १८ टक्के. आणि न्यूयॉर्कच्या एका बागेत कॅमेरा नुसता उभा करून घेतलेल्या, कुठेही न कापलेल्या चित्रणाने ५ टक्क्यांहूनही कमी.

हा आकडा म्हणजे दर्जाचं प्रगतिपुस्तक नव्हे, हे हॅसननीही बजावलं आहे. संथ, मोकळा सिनेमा प्रत्येकाला आपापल्या वाटेने जाऊ देतो, म्हणून तिथे मेंदूंचा ताल जुळत नाही. त्यात आनंद कमी असतो असं नाही. पण एक गोष्ट यातून कळते. घट्ट बांधलेला सिनेमा आपल्या लक्षाचा लगाम हातात घेतो, आणि सैल बांधलेला तो आपल्याच हातात ठेवतो. दिवसभराच्या कामाने शिणलेल्या माणसाला दुसऱ्या प्रकारचा सिनेमा जड जातो, यात त्याच्या रसिकतेचा संबंध नाही.

सिनेमाचा हा ताल पापण्यांपर्यंत पोचतो. जपानच्या तामामी नाकानो यांनी २००९ मध्ये लोकांना ‘मिस्टर बीन’चे भाग दाखवले आणि पापण्या कधी लवतात याची नोंद ठेवली. पापणी लवली की क्षणभर चित्र तुटतं. प्रेक्षक एकमेकांशी काही न ठरवता साधारण एकाच क्षणी पापण्या लववत होते, आणि तेही अशा जागी की जिथे काही चुकणार नाही: एखादी कृती संपली, मुख्य पात्र चौकटीबाहेर गेलं, तेच दृश्य पुन्हा आलं. गोष्ट नसलेलं दृश्य दाखवलं तेव्हा हा मेळ दिसला नाही. म्हणजे गोष्टीत कुठे दम खायचा हे आतून कोणीतरी सतत ठरवत असतं. हे काम बिनबोभाट चालतं तोवर आपण म्हणतो, ‘सिनेमात रमलो’.

आणि हे काम शिकावं लागतं. श्टेफान श्वान आणि सेरमिन इल्दिरार या संशोधकांनी दक्षिण तुर्कस्तानातल्या डोंगराळ भागात अशी प्रौढ माणसं गाठली ज्यांनी तोवर सिनेमा-टीव्ही पाहिलेला नव्हता. त्यांना छोट्या चित्रफिती दाखवल्या आणि काय दिसलं ते सांगायला सांगितलं. २०१० साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मला फार आवडतो. आपल्याला जो ‘कट’, म्हणजे एका चित्रावरून दुसऱ्यावर जाणारा सांधा, दिसतसुद्धा नाही, तिथे ही माणसं अडत होती. आधी माणसाचा चेहरा आणि मग तो जे बघतोय ते, असली जोडणी त्यांना आपोआप लागत नव्हती. मात्र रोजच्या ओळखीचं एखादं काम टप्प्याटप्प्याने दाखवलेलं असलं, की मधले कट असूनही त्यांना ते नीट कळत होतं. लहानपणापासून पडद्यासमोर वाढलेल्या आपल्याला ही जोडणी येतेच. पण येणं आणि थकवा असतानाही जमणं यांत फरक आहे.

आता शेजारच्या खोलीतल्या टीव्हीचा शोध. पहिला संशयित कान, आणि त्याच्याकडे सर्वांत कमी लोक बघतात. वय वाढतं तसे उंच पट्टीचे आवाज आधी जातात. बोलण्यातला आवाजाचा जोर असतो स्वरांत, अर्थ मात्र बराचसा व्यंजनांत: स, श, फ, क, ट. हे आवाज हळू आणि उंच पट्टीचे. त्यामुळे सुरुवातीला ‘ऐकू येत नाही’ असं वाटतच नाही; आवाज येतो, शब्द लागत नाहीत. त्यात हल्लीचे चपटे टीव्ही. त्यांचे स्पीकर चिमुकले आणि बहुतेक वेळा खाली किंवा मागे, भिंतीकडे तोंड केलेले. आवाज वाढवला की संवादाबरोबर ढोल-ताशे आणि पाठलागाच्या गाड्याही वाढतात.

बरं, शब्द लावता आले तरी त्याची किंमत मोजावीच लागते. पॅट्रिक रॅबिट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये लोकांना आकड्यांच्या याद्या ऐकवल्या. यादीचा पहिला अर्धा भाग स्वच्छ, दुसरा खरखरीत. दुसऱ्या भागातले आकडे लोकांना ओळखता येत होते, पण त्या खटपटीत आधी स्वच्छ ऐकलेले आकडे विसरले जात होते. सिनेमाला हेच लावून बघा. आत्ताचं वाक्य धडपडून ऐकलं, पण दहा मिनिटांपूर्वी कोणी कोणाला काय कबूल केलं होतं ते निसटलं. धागा तुटला, लक्ष उडालं, पिक्चर ‘बोअर’ झाला. घरात आजोबांनी मालिका बघणं सोडलं तर ‘त्यांना आता आवड राहिली नाही’ म्हणण्याआधी कानांची तपासणी करून घ्यावी, आणि मराठी मालिकेलासुद्धा सबटायटल असतील तर बिनधास्त लावावीत. त्यात कमीपणा कसला?

दुसरा संशयित चेहरे. ‘हा कोण गं?’ ‘अहो, मघाचाच तो, नुसती दाढी काढलीय.’ ‘मग तो पोलीस कोण?’ ‘पोलीस वेगळा!’ असा संवाद काही घरांत दर पिक्चरला होतो, आणि विचारणाऱ्याची थट्टा होते. चेहरे ओळखण्याची क्षमता सगळ्यांत सारखी नसते. सुमारे दोन टक्के लोकांत ती जन्मापासूनच इतकी कमी असते की तिला चेहरा-अंधत्व म्हणतात. प्रसिद्ध मेंदूविज्ञान-लेखक ऑलिव्हर सॅक्स यांना स्वतःला ते होतं. अशी माणसं प्रत्यक्षात चाल, आवाज, केस, ठरलेली जागा यांवरून काम भागवतात, आणि पुष्कळांना आपल्यात काही वेगळं आहे याचा पत्ताही नसतो. सिनेमात वेश बदलतो, केशरचना बदलते, शहर बदलतं. त्यांच्या सगळ्या खुणा एकदम पुसल्या जातात. सारख्या वयाचे, सारख्या गणवेशातले नट असलेला युद्धपट यांच्यासाठी शिक्षाच.

तिसरी तऱ्हा उलटी, तिथे लक्ष कमी नसून जास्त असतं. पात्राची फजिती होणार असं दिसलं की काही जण उठून पाणी प्यायला जातात. जर्मनीतल्या सोरेन क्राख यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं की दुसऱ्याची फजिती बघताना मेंदूचे जे भाग जागे होतात, ते दुसऱ्याची वेदना बघतानाही जागे होणाऱ्या भागांपैकीच असतात. विनोदी म्हणून दाखवलेला प्रसंग ज्यांना अंगावर आल्यासारखा वाटतो, ते नाटकीपणा करत नसतात.

मोबाईलचं काय? त्याला निर्दोष सोडता येणार नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्लोरिया मार्क यांनी लोक कामाच्या वेळी एका पडद्यावर सलग किती वेळ टिकतात ते मोजलं. २००४ मध्ये ती सरासरी अडीच मिनिटं होती; अलीकडच्या वर्षांत ४७ सेकंद. पण ही मोजणी आहे सवयीची. क्षमता आटल्याचा तो पुरावा नव्हे. (माणसाचं लक्ष आठ सेकंदांचं, गोल्डफिशपेक्षाही कमी, हे जे फॉरवर्ड फिरतं त्याला कुठल्याही संशोधनाचा आधार नाही.) त्याहून उपयोगाचा आहे टोरांटो विद्यापीठातल्या केटी टॅम आणि मायकल इन्झ्लिक्ट यांचा २०२४ चा अभ्यास. त्यांनी सात प्रयोग केले, बाराशेहून अधिक लोकांवर. व्हिडिओ पुढे ढकलण्याची किंवा बदलण्याची मुभा मिळाली तर कंटाळा कमी येईल, असा लोकांचा अंदाज होता. घडलं उलटंच. एकच व्हिडिओ मुकाट्याने बघणाऱ्यांपेक्षा एकावरून दुसऱ्यावर उड्या मारणारे जास्त कंटाळले. कंटाळा आला म्हणून आपण बोट फिरवतो, आणि बोट फिरवल्याने गोष्टीचा अर्थ लागायच्या आत ती सुटते.

एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं मुळातच अवघड जाण्याची अवस्था, असलेल्यांची गोष्ट मात्र ‘फोन बाजूला ठेव’ या सल्ल्याने मिटत नाही. एलिझाबेथ लॉर्च यांनी अशा मुलांवर बरीच वर्षं काम केलं. खोलीत खेळणी नसली तर ही मुलं टीव्हीकडे जवळपास इतरांइतकंच बघत. खेळणी ठेवली की नजर वारंवार उडे, आणि मग ‘काय झालं’ हे सांगता आलं तरी ‘का झालं’ हे सांगताना ती मागे पडत. गोष्टीची मजा तर त्या ‘का’मध्येच असते.

आणखी एक शक्यता आहे, आणि ती हलक्यात घेण्यासारखी नाही. मिशिगन विद्यापीठाचे केंट बेरिज यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की मेंदूत ‘हवंसं वाटणं’ आणि ‘आवडणं’ या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. मेंदूतलं डोपामिन हे रसायन जवळजवळ संपवलेले उंदीर समोरच्या अन्नाकडेही ढुंकून बघत नव्हते. पण साखरेचं पाणी तोंडात घातलं की मिटक्या मारत होते. माणसांतही हा भेद दिसतो. एखाद्याला पिक्चर लावावासाच वाटत नाही, पण कोणी ओढून बसवलं तर दहा मिनिटांत तो हसू लागतो. दुसरा मात्र समोर बसतो, सगळं समजतं, नि आत काहीच हलत नाही. ही दुसरी अवस्था फक्त सिनेमापुरती असेल तर सोडून द्या. पण गाणं, जेवण, मित्र सगळंच फिकं झालं असेल, आणि दोन आठवडे उलटूनही तसंच चालू असेल, तर तो नैराश्याचा भाग असू शकतो. नैराश्याची चाचपणी करण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एका प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न गोष्टींतला रस किंवा आनंद कमी झालाय का, हा आहे. अशा वेळी डॉक्टरांशी बोलावं. सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

बाकीच्यांसाठी एक उपाय, जो ऐकायला अरसिक वाटेल: गोष्ट आधी वाचून घ्या. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात क्रिस्टोफर कोप आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये लोकांना ‘द रेड बलून’ हा जेमतेम अर्ध्या तासाचा फ्रेंच चित्रपट दाखवला. काहींना आधी त्याच कथानकाची छोटी गोष्ट वाचायला दिली होती, काहींना भलतीच. कथानक माहीत असलेल्यांचं मन चित्रपट बघताना कमी भरकटलं. कोण, कुठे, कशासाठी हे जुळवण्याचं ओझं उतरलं की बघायला हात मोकळे होतात. दशावताराला बसलेल्या कोकणी माणसाला संकासुराचं पुढे काय होणार हे पाठ असतं, तरी तो रात्र जागवतो. १९८७ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ लागायचं तेव्हा रस्ते ओस पडायचे, ते काही सीता परत मिळते की नाही या उत्सुकतेपोटी नव्हे.

रहस्यपटाला ही युक्ती वापरू नये, हे ओघानं आलंच. शेवट आधी कळल्याने मजा वाढते की घटते, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही. २०११ च्या एका गाजलेल्या अभ्यासात ती वाढली होती, २०१५ च्या दुसऱ्या अभ्यासात घटली. पण दहा भागांची, चाळीस पात्रांची, तीन पिढ्यांत उड्या मारणारी मालिका असेल, तर पहिल्या दोन भागांचा सारांश वाचून बसायला काहीच हरकत नाही. आणि एवढं करूनही मन लागलं नाही, तर मालिका खरोखर रटाळ असण्याचीही शक्यता आहेच.