उशिराची शिदोरी आणि संकटाची पिशवी

नवरात्र उलटलं की आमच्या घरी बैठकीच्या खोलीत दोन ढीग पडतात: एक उशिराच्या शिदोरीचा, एक संकटाच्या पिशवीचा. आम्ही सहा जणांनी मिळून एक २६ फुटी शिडाची होडी ठेवली आहे. ती असते मांडव्याला आणि आम्ही कोथरूड, सहकारनगर, औंधात. पावसाळ्यात ती किनाऱ्यावर झाकून असते; तिचं सामान भरायचं काम मात्र पुण्यातच होतं. मंडई आणि बोहरी आळीच्या दोन-तीन फेऱ्या होतात, डबे-पिशव्या गाडीत रचल्या जातात आणि खोपोली-पेण करत सगळं समुद्राला लागतं. दोन ढिगांतली माझी दोरी मी कुणालाही ओलांडू देत नाही. त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मुरूडहून परत येत होतो. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा होता तोवर होडी छान चालली. दहाच्या सुमाराला तो पडला. असं रोजच होतं; मतलई संपतो आणि समुद्राकडून येणारा खारा वारा सुरू व्हायला वेळ लागतो. एरवी त्या वेळात इंजिन लावतो. त्या दिवशी ते दहा मिनिटं चाललं आणि बंद पडलं. टाकीच्या तळाशी बसलेला गाळ हिंदकळून डिझेलच्या फिल्टरमध्ये अडकला होता. पुढचे पाच तास कोर्लईचा किल्ला एकाच जागी दिसत राहिला. ऊन भाजून काढत होतं. पिण्याचं पाणी आम्ही मोजूनच नेलं होतं, ते तीनपर्यंत संपलं. शेवटी एका मासेमारी नौकेच्या तांडेलाने दोर टाकला आणि रात्री आम्ही किनाऱ्याला लागलो. कुणाला काही झालं नाही.

खरी गोष्ट पंधरा दिवसांनी कळली. पुढच्या फेरीला निघताना मी संकटाची पिशवी उघडली, तर आतल्या पाण्याच्या बाटल्या रिकाम्या आणि बिस्किटांचा पुडाही गेलेला. त्या दुपारी आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलाला तहान लागली, बाटल्या समोर दिसल्या, त्याने प्यायल्या. मी त्याला एक शब्दही बोलले नाही. बाटल्या दोन्हीकडे सारख्याच होत्या, पिशवीला साधी चेन होती आणि ती नेमकी कशासाठी आहे हे आम्ही कुणी त्याला सांगितलंच नव्हतं. परत येताना, अंधारात, ओढल्या जाणाऱ्या त्या होडीला तळाशी भोक पडलं असतं, तर सहा माणसं एका रिकाम्या पिशवीच्या भरवशावर पाण्यात उतरली असती. हे आजही माझ्या डोक्यातून जात नाही.

होडीवर नवीन येणारा जवळजवळ प्रत्येक जण या दोन गोष्टी एकच समजतो. ‘थोडं जास्तीचं खाणं-पाणी घेतलंय ना, मग झालं.’ ते जास्तीचं खाणं-पाणी शिदोरीतच धरायचं. वारा पडला, इंजिन रुसलं, उधाणामुळे खाडीत शिरता आलं नाही, तर ती शिदोरी आपल्याला पुरते. या सगळ्या प्रसंगांत होडी आपल्या पायाखाली शाबूत असते. स्टोव्ह आहे, सावली आहे, पातेलं आहे. हा उशीर. संकट म्हणजे होडी सोडावी लागणं: आग लागली, तळ फुटला, टक्कर झाली. तेव्हा कपाटातला चौसष्ट लिटर पाण्याचा साठा होडीबरोबरच खाली जातो. हाताला जे लागेल आणि पाण्यावर जे तरंगेल, तेवढंच आपलं.

दोन्हींचं माप वेगळं, ही गोष्ट समजली की बाकीचं आपोआप लक्षात येतं. शिदोरी माणसं आणि दिवस यांच्या हिशेबाने वाढते. कोकणातल्या उन्हात पिणं आणि स्वयंपाक धरून आम्ही माणशी दिवसाला ४ लिटर पाणी धरतो. सहा माणसं, दोन दिवस, म्हणजे ४८ लिटर. वर एक तृतीयांश उशिरासाठी, म्हणजे ६४. एकाच दिवसाची फेरी असेल तर हे निम्म्यावर येतं. पिशवीचं माप दिवसांवर चालत नाही. ते माणसांवर आणि मदत किती लांब आहे यावर चालतं. खांदेरीला जाऊन संध्याकाळी परत यायचं असलं तरी पिशवी तेवढीच, मुरूडला दोन दिवस राहायचं असलं तरी तेवढीच. छोट्या फेरीला ‘आज कशाला’ म्हणून पिशवी किनाऱ्यावर ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. ते शिदोरीचा हिशेब पिशवीला लावत असतात.

पिशवीसाठी किती, याचं उत्तर मोठ्या जहाजांच्या नियमांत सापडतं. १९१२ साली टायटॅनिक बुडालं, त्यानंतर १९१४ मध्ये ‘सोलास’ हा समुद्रावरच्या जीवरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या नियमांनुसार लांबच्या प्रवासाच्या जहाजांवरील जीवरक्षक तराफ्यात, म्हणजे जहाज सोडल्यावर ज्यात बसायचं त्यात, माणशी दीड लिटर पाणी आणि १०,००० किलोज्यूल, म्हणजे साधारण २,४०० कॅलरी, एवढं खाणं असतं. आमच्यासारख्या छोट्या होडीला ते बंधनकारक नाही, पण पाण्याचा आकडा आम्ही तिथूनच उचलला. सहा माणसांचे ९ लिटर. ते दोन पाच-लिटरी कॅनमध्ये साडेचार-साडेचार लिटर भरतो. वर हवा राहिली की कॅन समुद्रावर नीट तरंगतो. दोन्ही कॅन नायलॉनच्या दोरीने पिशवीच्या कडीला बांधलेले असतात.

शिदोरीच्या पाण्यालाही मी वीस लिटरचा जार घेत नाही. होडी एका अंगावर कलली की वीस किलोचं ते धूड फळी फोडून बाहेर येतं, आणि गळलं तर एकदम वीस लिटर गेलं. पाच-पाच लिटरचे कॅन बरे.

आता खाण्याकडे येऊ, कारण पुणेकराच्या हातून सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. शिदोरीत काहीही चालतं, जे आवडीने संपेल ते न्यावं. दुधातल्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात, धपाटे आणि ठेपले राहतात. पहिल्या दिवशी पोळीभाजी, संध्याकाळी मुगाची खिचडी आणि मेतकूट. कांदे-बटाटे जाळीच्या पिशवीत टांगून. बंद डब्यात घाम धरतात आणि सडतात. लिंबं भरपूर. मळमळीवर आलेपाक हा आमचा पहिला उपाय, आणि तो मळमळ सुरू व्हायच्या आधी चघळायचा. भाकरवडी आणि शेंगदाण्याची चटणी तर हवीच. फक्त एक करते: पुठ्ठ्याची खोकी किनाऱ्यावरच रिकामी करते. पुठ्ठ्याच्या घडीत झुरळांची अंडी होडीवर येतात, आणि भिजलेला पुठ्ठा लगदा होऊन तळाचं पाणी उपसणाऱ्या पंपात अडकतो. पत्र्याच्या डब्यांचे कागद ओलाव्याने सुटतात, म्हणून झाकणावर मार्करने ‘वाटाणा’, ‘दूध’ असं लिहून ठेवते.

हीच भाकरवडी आणि हेच दाणे पिशवीत मात्र नकोत. तिथे पाणी दीड लिटर आहे हे विसरायचं नाही. खारट-तिखटाने तहान वाढते हे कुणालाही कळतं. प्रथिनांचं लवकर लक्षात येत नाही. प्रथिनं पचली की शरीरात युरिया तयार होतो आणि तो लघवीतून बाहेर टाकायला पाणी खर्च होतं. म्हणून दाणे, चणे, सुकट, पनीर यांतलं काही नको. तराफ्यातल्या तयार वड्या पीठ, साखर आणि वनस्पती तेलाच्या असतात, त्या बेचवच वाटतात. त्या नसतील तर गोड साधी बिस्किटं, गुळातली राजगिऱ्याची वडी, खडीसाखर, लिमलेटच्या गोळ्या. खाण्याविना माणूस कित्येक दिवस काढतो, पाण्याविना नाही. म्हणून जागा कमी पडली तर खाणं काढायचं, पाणी नाही. आणि समुद्राचं पाणी घोटभरही नाही. त्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. एवढं मीठ बाहेर टाकायला मूत्रपिंडाला प्यायल्यापेक्षा जास्त पाणी लागतं.

पाणी वापरायची पद्धतही उलटी आहे. शिदोरीचं पाणी तहान लागायच्या आधी प्यायचं, तासाला दोन-चार घोट, कुणाला ‘पुरवून पी’ म्हणायचं नाही. तराफ्यावर मात्र पहिले चोवीस तास पाणी द्यायचं नाही असं शिकवतात. अंगात आधीच पुरेसं पाणी असतं, वर प्यायलेलं लघवीवाटे निघून जातं. जखमी माणूस याला अपवाद. हे होडीवरच्या सगळ्यांना आधी सांगावं लागतं. भेदरलेल्या माणसाला तराफ्यावर बसून पटत नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती दोन्हीकडे लागणाऱ्या वस्तूंची. टॉर्च, चाकू, औषधं, इतर नौकांशी आणि किनाऱ्याशी बोलायचा व्हीएचएफ रेडिओ. होडीवरचा टॉर्च मंदावला की हात पिशवीतल्या टॉर्चकडे जातो. आमचा नियम आहे की प्रत्येक वस्तू दोन, आणि पिशवीतली कधी बाहेर येत नाही. एकाला रक्तदाबाची गोळी लागते, तिची एक पट्टी पिशवीत. मला चष्म्याशिवाय प्रकाशबाणांवरच्या सूचना वाचता येत नाहीत, म्हणून एक चष्मा पिशवीत. संकटाचे प्रकाशबाण तर फक्त पिशवीतच असतात. पॅराशूटचं रॉकेट ३०० मीटर वर जाऊन ४० सेकंद जळतं, ते लांबच्यांसाठी. हातातली लाल मशाल एक मिनिट जळते, ती कुणी जवळ दिसल्यावरच पेटवायची. नारिंगी धूर दिवसा. हे सामान पेठांत मिळत नाही. आम्ही ते मुंबईतल्या जहाजी सामानाच्या दुकानातून आणतो. त्यावर छापलेली तारीख बहुधा तीन वर्षांनी उलटते. व्हीएचएफवर संकटाचा चॅनल १६. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. हे दोन्ही आकडे पिशवीच्या आतल्या बाजूला पेंटने लिहिले आहेत.

जागेचं सांगते, कारण भरलेली पिशवीही चुकीच्या जागी असली की उपयोगाची राहत नाही. अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली, असे ते पहिले भारतीय. २०१८ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात वादळाने त्यांची ‘थुरिया’ ही होडी कोलमडली, डोलकाठी मोडली आणि पाठीला जबर दुखापत झाली. त्यांच्याकडे आणीबाणीची पिशवी होती, तीत दुसरा उपग्रह फोन आणि हातातला व्हीएचएफ होता. पण जागेवरून हलता येत नसल्याने त्यांना तिथवर पोचताच येईना. तीन दिवसांनी फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ या गस्ती नौकेने त्यांना उचललं. तयारीत त्यांनी काहीच कमी ठेवलं नव्हतं. ते वाचल्यावर आम्ही आमची पिशवी पुढच्या झोपायच्या फळीखालून काढली आणि जिन्याच्या वरच्या पायरीला लावली. सुकाणूवर बसलेल्याचा हात तिथे पोचतो, आतून सरपटत आलेल्याचाही. शिदोरी मात्र खाली, होडीच्या मधोमध, जड डबे तळाशी. त्याने होडीचा तोल राहतो.

खडकवासल्याच्या पाण्यावर किंवा मुळा नदीत सीओईपीच्या बोट क्लबवर वल्ही मारायला शिकलेल्यांना हे सगळं जड वाटतं. तिथे काठ दिसत असतो, मदत हाकेवर असते. जॅकेट, शिट्टी आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला फोन एवढ्यावर पिशवी आटते. डबा मात्र तिथेही डबाच असतो.

पिशवी तरंगते का, हे मी सोसायटीच्या पोहण्याच्या तलावात पाहिलं. पहिल्या वेळी चेनमधून पाणी शिरलं आणि अर्ध्या मिनिटात ती तिरकी झाली. आता तोंड गुंडाळून बंद करायची जलरोधक पिशवी आहे, भडक नारिंगी. तोंडाला पातळ प्लॅस्टिकची टाय ओढलेली असते. ती हिसक्याने तुटते, पण परत जोडता येत नाही, त्यामुळे कुणी उघडली की लगेच कळतं. त्या दिवशी रिकाम्या बाटल्या ठेवलेला मुलगा आता स्वतः निघायच्या आधी ती टाय बघतो आणि वहीत खूण करतो.

परतल्यावर शिदोरीचे डबे रिकामे आले की घासून ठेवले, संपलं. पिशवी भरलेलीच परत येते, म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही. तिला आम्ही एक दिवस ठरवून दिला आहे, दसऱ्यानंतरचा पहिला रविवार. टाय कापायची, सगळं सतरंजीवर मांडायचं, टॉर्चचे सेल बदलायचे, कॅनमधलं पाणी कुंड्यांना घालून ताजं भरायचं. मुदत जवळ आलेल्या वड्या त्याच दिवशी चहाबरोबर सगळ्यांनी खायच्या, म्हणजे त्यांची चव काय असते हेही प्रत्येकाला माहीत होतं. यंदा माझा नंबर वाढला होता. जुना चष्मा काढून नवीन नंबरचा घातला, आणि टाय ओढली.