गावाचा महापालिका हद्दीत समावेश: हरकत किंवा सूचना नोंदवण्याची पद्धत, पात्रता आणि कागदपत्रे

शहराला लागून असलेली गावे महापालिकेत घेण्याचा प्रस्ताव आला की सभा होतात, मोर्चे निघतात, गाव बंद ठेवले जाते आणि आयुक्तांच्या दालनात शिष्टमंडळांच्या फेऱ्या सुरू होतात. शासनाला मात्र कायद्याने ज्या एका कागदाची दखल घ्यावी लागते, तो म्हणजे प्रारूप अधिसूचनेवरील लेखी हरकत किंवा सूचना. नेमका हाच कागद अनेकदा उशिरा, भलत्याच कार्यालयात किंवा भलत्याच विषयावर दिला जातो, आणि मग "आमचे कोणी ऐकलेच नाही" एवढी तक्रार हाती उरते. ती तक्रार पुष्कळदा खरीही असते. परंतु मुदतीत, योग्य ठिकाणी दिलेला कागद हाती नसेल तर ती कोठेही टिकत नाही. पुढील माहिती महाराष्ट्रातील महापालिकांच्या हद्दवाढीविषयी आहे.

निर्णय कोण घेते, याविषयीचा गैरसमज आधी दूर करणे आवश्यक आहे. हद्द वाढवण्याचा वा कमी करण्याचा अधिकार महापालिकेचा नाही आणि ग्रामपंचायतीचाही नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३ नुसार तो राज्य शासनाचा आहे. शासनाने महापालिकेशी विचारविनिमय करावा, अधिसूचनेचे प्रारूप आधी प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्यात आणि त्यानंतरच अंतिम अधिसूचना राजपत्रात काढावी, असा हा क्रम आहे. त्यामुळे आयुक्तांबरोबर झालेल्या बैठकीत "तुमच्या भावना शासनाला कळवू" असे आश्वासन मिळाले, तरी ते हरकतीची जागा घेऊ शकत नाही. अशा बैठकीला अवश्य जावे, पाणी, कचरा, रस्ते यांवर थेट प्रश्न विचारावेत, आणि बैठकीचे इतिवृत्त लेखी मागावे. इतिवृत्त मिळाले तर ते हरकतीला जोडता येते. न मिळाल्यास बैठकीत झालेले बोलणे कोणत्याही नस्तीत, म्हणजे सरकारी फाइलीत, दिसत नाही.

हरकत कोण घेऊ शकते, याचे उत्तर सोपे आहे: बाधित क्षेत्रातील कोणतीही व्यक्ती. त्यासाठी जमीन नावावर असावी लागत नाही. भाडेकरू, सदनिकाधारक, दुकानदार, सोसायटी, संस्था आणि स्वतः ग्रामपंचायतही लिहू शकते. शब्दप्रयोग "हरकती व सूचना" असा आहे, याकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. समावेश हवा असणाऱ्यांनाही लिहिता येते, आणि समावेश व्हावा पण अमुक वस्ती वगळावी किंवा तमुक वस्तीही घ्यावी, असेही सुचवता येते. गावठाणातील रहिवाशांचा विरोध आणि नव्या सोसायट्यांचा पाठिंबा असे चित्र असलेल्या गावांत सोसायट्या बहुधा गप्प बसतात, आणि मग नस्तीत एकच बाजू दिसते.

मुदत कोठून मोजायची

सर्वाधिक हरकती येथे बाद होतात. मुदत अधिसूचनेतच दिलेली असते, आणि ती बहुधा तीस दिवसांची असते. परंतु हे दिवस प्रारूप राजपत्रात प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून मोजले जातात. वर्तमानपत्रात बातमी आली तो दिवस, चावडीवर नोटीस लागली तो दिवस किंवा व्हॉट्सअॅपच्या समूहावर छायाचित्र फिरले तो दिवस येथे गैरलागू आहे. अधिसूचना असाधारण राजपत्रात निघते, ते शासनाच्या राजपत्राच्या संकेतस्थळावर पाहता येते, आणि गावापर्यंत तिची वार्ता पोहोचेपर्यंत मुदतीचा बराच भाग उलटून गेलेला असतो. शासनाला लोकांचे म्हणणे खरोखरच हवे असेल तर प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर पहिल्याच दिवशी प्रत लावणे अवघड नाही. ते होत नाही, म्हणून राजपत्रावर नजर ठेवण्याचे काम गावातील कोणा तरी एकाने अंगावर घ्यावे, हे बरे.

दुसरी अडचण अशी की "मुदतीत दिली" याचा अर्थ "मुदतीत पोहोचली" असा धरला जातो. शेवटच्या दिवशी स्पीड पोस्टाने पाठवलेला अर्ज चार दिवसांनी पोहोचला, तर पोस्टाची पावती दाखवून वाद घालता येतो. वाद जिंकण्याची खात्री देता येत नाही. अर्ज समक्ष न्यावा, सोबत दुसरी प्रत ठेवावी आणि त्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यावा. आवक लिपिक अनेकदा "ठेवून जा, नंतर नंबर देतो" असे म्हणतो. तेथे थांबावे. शिक्क्यावर तारीख उमटली आहे का, आणि आवक क्रमांक हाताने लिहिला आहे का, हे खिडकीवरून हलण्यापूर्वी पाहावे, कारण क्रमांक नसलेल्या शिक्क्यावरून पुढे अर्जाचा माग काढणे जवळजवळ अशक्य होते.

कोणत्या कार्यालयात द्यावी

अधिसूचनेच्या शेवटच्या परिच्छेदात हरकती स्वीकारणारा अधिकारी नमूद असतो. तो जिल्हाधिकारी किंवा विभागीय आयुक्त असू शकतो. महापालिका आयुक्त असेलच, असे गृहीत धरू नये. गाव नगरपरिषदेत किंवा नगरपंचायतीत जाणार असेल, तर १९६५ चा नगरपरिषदांविषयीचा अधिनियम लागू होतो. त्यात हरकती जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायच्या असून उद्घोषणा राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून किमान तीस दिवसांची मुदत द्यावी लागते. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज "योग्य कार्यवाहीस्तव अग्रेषित" होईल, या आशेवर राहू नये. तो अग्रेषित होतो, पण आपल्या गतीने.

हरकत कशावर घ्यावी

येथे तीन वेगळ्या प्रक्रियांची सरमिसळ होते, आणि ती अर्जदाराला महागात पडते. पहिली प्रक्रिया हद्दवाढीची, दुसरी विकास आराखड्याची आणि तिसरी प्रभाग रचनेची. "माझ्या गटातून रस्ता गेला" किंवा "माझ्या शेतावर उद्यानाचे आरक्षण पडले" ही हरकत विकास आराखड्यावरची आहे. तिच्यासाठी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली स्वतंत्र मुदत असते आणि तेथे नियोजन समितीपुढे सुनावणीही मिळते. "आमची वाडी दोन प्रभागांत विभागली" ही हरकत निवडणुकीपूर्वीच्या प्रारूप प्रभाग रचनेवरची आहे. या दोन्ही तक्रारी हद्दवाढीच्या अर्जात लिहिल्या तर अधिकारी "विषयाशी संबंधित नाही" असा शेरा मारून मोकळा होतो, आणि दुर्दैवाने तो शेरा नियमाला धरूनच असतो.

हद्दवाढीवरील हरकतीत काय असावे, याचा आधार संविधानाच्या अनुच्छेद २४३ थ मध्ये सापडतो. एखादे क्षेत्र नागरी ठरवताना लोकसंख्या, लोकसंख्येची घनता, स्थानिक प्रशासनासाठी मिळणारा महसूल, बिगरशेती रोजगाराचे प्रमाण आणि आर्थिक महत्त्व या बाबी विचारात घ्याव्यात, असे तेथे म्हटले आहे. "आमचा तीव्र विरोध आहे" या वाक्याचे उत्तर अधिकाऱ्याला द्यावे लागत नाही. "गावातील बहुतांश कुटुंबांचा चरितार्थ शेतीवर आहे, सोबत पीकपाहणीसह सातबारा उतारे जोडले आहेत" या वाक्याचे द्यावे लागते. समावेशाच्या बाजूने लिहिणाऱ्यांनीही हेच करावे: इमारतींची संख्या, टँकरवरील खर्च, कचरा उचलण्याची सध्याची व्यवस्था, ग्रामपंचायतीचे करउत्पन्न.

सुनावणीविषयी एक सावधगिरीची सूचना. अनेक अर्जदार हरकतीत केवळ दोन ओळी लिहून "सविस्तर म्हणणे सुनावणीत मांडू" असे नमूद करतात. अशी सुनावणी होईलच, हे गृहीत धरू नये. कल्याण महापालिकेच्या हद्दीत उल्हासनगर घ्यावे की वगळावे, या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली असे म्हटले की महापालिकेचे क्षेत्र ठरवण्याचे हे काम कायदे करण्याच्या स्वरूपाचे असल्याने कायद्यात सांगितले आहे त्यापलीकडे सुनावणीचा हक्क निर्माण होत नाही. काही ठिकाणी अधिकारी स्वतःहून सुनावणी ठेवतात, ही चांगली गोष्ट आहे. पण जे सांगायचे ते सर्व अर्जातच, मुद्देसूद आणि पुराव्यासह लिहावे.

कागदपत्रे, आणि त्यांतील न मिळणारा कागद

ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, स्वाक्षरी, संपर्क क्रमांक, एवढे पुरेसे असते. मालकीचा मुद्दा असेल तर सातबारा किंवा मिळकत पत्रिका जोडावी. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमी संकेतस्थळावरून पंधरा रुपयांत मिळतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा नव्हे, हे अनेकांना पटत नाही, पण वस्तुस्थिती तीच आहे.

खरी अडचण हद्दीच्या नकाशाची असते. अधिसूचनेच्या अनुसूचीत महसुली गावाचे नाव आणि कधी केवळ गट किंवा सर्व्हे क्रमांक असतात. तुमच्या पत्त्यात सोसायटीचे नाव, जवळच्या शहरी भागाचे नाव आणि पिनकोड असतो, आणि त्यांपैकी एकही अनुसूचीत सापडत नाही. प्रथम सातबाऱ्यावरून वा खरेदीखतावरून आपले महसुली गाव व गट क्रमांक निश्चित करावा, मग उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा घ्यावा आणि अनुसूचीतील चतुःसीमा त्यावर लावून पाहावी. अंशतः समाविष्ट गावांत वाडी एका बाजूला आणि तिची विहीर वा स्मशानभूमी दुसऱ्या बाजूला गेल्याचे अशाच ताळ्यात दिसून येते. अशी चूक दाखवणारी सूचना मान्य होण्याची शक्यता सरसकट विरोधापेक्षा कितीतरी जास्त असते.

ग्रामसभेचा ठराव जोडायचा असल्यास दोन गोष्टी तपासाव्यात. सभेला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते, आणि ठरावाची प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्याने साक्षांकित केलेली असावी लागते. ठराव शासनावर बंधनकारक नसतो. कायद्यातील विचारविनिमय महापालिकेशी आहे. तरीही गावाची भूमिका नोंदवणारा तो सर्वांत वजनदार कागद आहे, म्हणून तो मुदतीच्या आतल्या तारखेचा असावा. सोसायटीच्या अर्जासोबतही व्यवस्थापन समितीचा ठराव जोडावा. केवळ अध्यक्षांच्या स्वाक्षरीचे पत्र हे एका व्यक्तीचे पत्र मानले जाऊ शकते. एकाच मजकुराच्या शेकडो छापील प्रती एकत्र बांधून एकाच मुद्द्याखाली निकालात काढल्या जातात. वेगवेगळ्या मुद्द्यांवरचे मोजके अर्ज अधिक उपयोगी पडतात.

महापालिकेने शासनाला पाठवलेला मूळ प्रस्ताव आणि सर्वसाधारण सभेचा किंवा प्रशासकाचा ठराव माहिती अधिकारात मागता येतो. शुल्क दहा रुपये असते, उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते, आणि हरकतीची मुदतही बहुधा तेवढीच असल्यामुळे प्रारूप निघाल्यावर केलेल्या अर्जाचे उत्तर हरकतीची वेळ टळून गेल्यावर येते. म्हणून प्रस्ताव सभेपुढे येताच हा अर्ज करावा.

अंतिम अधिसूचनेनंतर

पुण्यात ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ आणि जून २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. त्यांतील पहिल्या टप्प्यातील फुरसुंगी व उरुळी देवाची पुढे वगळली जाऊन २०२४ मध्ये तेथे स्वतंत्र नगरपरिषद झाली. कल्याण-डोंबिवलीतील २७ गावे तर १९८३ मध्ये आत आली, २००२ मध्ये बाहेर गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा आत आली. निर्णय बदलू शकतो, पण तोही अधिसूचनेनेच, आणि मधली वर्षे कराची बिले थांबत नाहीत. नव्या हद्दीत मालमत्ता कर टप्प्याटप्प्याने वाढवण्याची तरतूद आहे. पहिल्या मोठ्या बिलावर आकारणी चुकीची वाटल्यास नोटिशीत दिलेल्या मुदतीतच तक्रार करावी.

ग्रामपंचायतीचे दप्तर महापालिकेच्या ताब्यात गेले की जुने उतारे क्षेत्रीय कार्यालयातून मिळवावे लागतात, आणि सुरुवातीच्या महिन्यांत कपाटांच्या किल्ल्या नेमक्या कोणाकडे आहेत, हेच ठरलेले नसते. म्हणून नमुना ८ चा साक्षांकित उतारा, शेवटच्या करभरणाची पावती, नळजोडणीची नोंद आणि बांधकामासंबंधीचे सर्व कागद अंतिम अधिसूचना निघण्यापूर्वीच काढून ठेवावेत. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे, आणि महापालिकेने कर आकारला म्हणून बांधकाम नियमितही होत नाही. गुंठेवारीतील, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडलेल्या भूखंडावरील, घर असल्यास २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाखाली स्वतंत्र अर्ज करावा लागतो. २०२१ च्या दुरुस्तीने ही सोय ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला लागू झाली आहे, त्यामुळे घर त्या तारखेपूर्वीचे असल्याचा पुरावा, म्हणजे जुने वीजबिल किंवा कराची पावती, त्या अर्जासाठीही जपून ठेवावा.