सिझेरियननंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून
(बाळंतिणीच्या घरच्यांसाठी, आमच्या मेडिकल दुकानाकडून)

दवाखान्यातून सुट्टी झाली की चिठ्ठी घेऊन बहुतेक वेळा बाळाचे बाबा नाहीतर मामा येतात. टॉनिक, कॅल्शियम, बाळाचे डायपर सगळं घेतात आणि पोटात टोचायच्या इंजेक्शनापाशी थांबतात. "ती तर बरी आहे आता, हे राहू द्या." आमची कळकळीची विनंती आहे, डॉक्टरांनी लिहिलं असेल तर ते राहू देऊ नका.

गरोदरपणात बाईचं रक्त एरवीपेक्षा लवकर गोठतं. बाळंतपणात फार रक्त जाऊ नये म्हणून शरीरानेच केलेली ती सोय असते. ती पूर्ववत व्हायला साधारण 6 आठवडे लागतात. त्यातच ऑपरेशन झालेलं, हालचाल कमी, पाणीही कमी. मग पायाच्या खोल शिरेत गुठळी धरते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. सिझेरियननंतर गुठळी हजारात तीनेक जणींनाच होते, पण नॉर्मल बाळंतपणापेक्षा हा धोका सुमारे चौपट आहे. वय 35 च्या पुढे, वजन जास्त, जुळी बाळं, बीपी वाढलेलं, घाईत करावं लागलेलं सिझेरियन, आधी कधी गुठळी झालेली किंवा माहेरी कुणाला झालेली, यातलं काही असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

इंजेक्शनाबद्दल

बहुतेक चिठ्ठ्यांवर एनॉक्सापॅरिन, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध असतं, रोज एक. डोस वजनावर ठरतो, म्हणून शेजारणीचं उरलेलं वापरू नका. कुणाला 10 दिवस लिहितात, कुणाला पूर्ण 6 आठवडे. पैशांची अडचण असेल तर दोन-दोन न्या, पण मध्ये खंड पडू देऊ नका. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन टोचायची नाहीत, डॉक्टरांना फोन करा. अंगावर पाजणाऱ्या आईला हे चालतं.

बेंबीपासून चार बोटं लांब, टाक्यापासून दूर, एक दिवस डावीकडे तर एक दिवस उजवीकडे. कातडीची घडी चिमटीत धरा, सुई सरळ आत घाला, औषध सावकाश सोडा, सुई बाहेर येईपर्यंत चिमूट सोडू नका. भरलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही, तो तसाच असतो. नंतर जागा चोळू नका. छोटा निळा डाग पडला तर काळजी नको, पण टाक्यातून किंवा अंगावरून रक्त वाढलं तर लगेच दवाखाना गाठा. कंबरदुखीची गोळी मनाने घेऊ नका, काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो.

हे औषध डुकराच्या आतड्यापासून तयार होतं. काही घरांत याला हरकत असते. तसं असेल तर न सांगता बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. दुसरा पर्याय आहे.

बाजेवरचा सव्वा महिना

आपल्याकडे "उठू नको वं माय, टाके तुटतीन" असं मायेनेच म्हणतात. पण या एका बाबतीत आजीबाईंना समजवावं लागेल. डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याच दिवसापासून थोडं-थोडं चालायचं. कुशीवर वळायचं, हाताने रेटा देऊन बसायचं, टाक्यावर उशी धरून उठायचं. पडल्या-पडल्या पावलं वर-खाली करत राहायची. पाणी तोडू नका. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 45 च्या आसपास जातो, त्यात दूध पाजणाऱ्या बाईला दोन घोट पाणी कसं पुरेल?

मालिशबाई येत असेल तर हे तिलाही सांगा: एकच पाय सुजला असेल, पोटरी किंवा मांडी दुखत असेल, तिथे गरम किंवा लाल वाटत असेल तर त्या पायाला हात लावायचा नाही, शेकायचंही नाही. गुठळी बहुधा डाव्या पायात होते. दोन्ही पाय थोडे सुजणं नेहमीचं आहे, एकच पाय सुजला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एकाएकी दम लागला, श्वास घेताना छातीत टोचलं, खोकल्यातून रक्त आलं, चक्कर येऊन पडली, तर वाट न पाहता 108 ला फोन.

माहेराहून सुरतला किंवा पुण्याला परत जायची घाई करू नका. जावंच लागलं तर गाडीत दर तासाला पाय मोकळे करा. पाळणा लांबवायची गोळीही विचारल्याशिवाय सुरू करू नका, काही गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो.

गुठळी होऊ नये म्हणून पायात घालायचे दाबाचे मोजे डॉक्टरांनी सांगितले तरच घ्या. माप सकाळी, सूज नसताना, घोट्याचं आणि पोटरीचं घेतलं जातं. वरची कड गुंडाळायची नाही, तिथेच पाय आवळला जातो. पोटाचा पट्टा हे काम करत नाही, त्यासाठी म्हणून तो विकत घेऊ नका.

इंजेक्शनाच्या खोक्यावर 25 अंशांच्या आत ठेवा असं लिहिलेलं असतं. फ्रीजरमध्ये मात्र कधीच ठेवू नका. घर पत्र्याचं असेल तर सगळी एकदम नेऊ नका. बाकीची तुमच्या नावाने आमच्याकडे ठेवू, रोज एक घेऊन जा. वापरलेल्या सुया जाड झाकणाच्या डब्यात भरून आणून द्या.