ओनामन म्हणजे आपला गेरू

तुळशीवृंदावन रंगवताना हाताला लागलेला गेरू सहजासहजी निघत नाही. कॅनडातले ओजिब्वे लोक तेलात-चरबीत कालवलेल्या अशाच लाल मातीला ओनामन म्हणतात. त्यांच्या लेखी तो रंगही आहे आणि औषधही. सर्पंट नदीकाठच्या सर्पंट रिव्हर फर्स्ट नेशन या आदिवासी वस्तीचे ओजिब्वे चित्रकार आयझॅक मर्डॉक यांनी २०१४ मध्ये ख्रिस्टी बेलकोर्ट आणि एरिन कॉन्स्मो यांच्यासोबत कलागट काढला, त्याचं नावच ओनामन कलेक्टिव्ह.

गेरूची लाली हेमॅटाइटची, म्हणजे लोह आणि ऑक्सिजनच्या संयुगाची. यातलं लोखंड आधीच पुरतं गंजलेलं. हवेनं त्याचं आणखी काय बिघडणार? वनस्पतींचे रंग उन्हात विटतात, कारण प्रकाश त्यांचे रेणू मोडतो. हेमॅटाइटपुढे उन्हाची मात्रा चालत नाही. (पिवळी काव विस्तवात भाजली की तिच्यातलं पाणी उडून तीही लाल होते.) लेक सुपीरियरच्या काठी, अगावाच्या उभ्या कातळावर शिंगं असलेला जलबिबट्या मिशिपेशू याच रंगात काढलेला आहे. लाटा आणि बर्फ खाऊनही तो अजून दिसतो.

आता मर्डॉक यांच्या गावची नदी. तिच्या वरच्या अंगाला, एलियट लेकला, १९५०च्या दशकात युरेनियमच्या खाणी सुरू झाल्या. शेवटची १९९६ मध्ये बंद पडली. तिथल्या खनिजात पायराइट असतं, म्हणजे लोह आणि गंधक. खनिज दळून उरलेल्या गाळाला हवा-पाणी लागलं की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं, आणि सुटलेलं लोह नारिंगी साका होऊन तळाशी बसतं. रसायनशास्त्राच्या हिशेबानं हाही गेरूचा भाऊच, पण याला कोणी औषध म्हणणार नाही. ऑक्सिजन पोचू नये म्हणून बराचसा गाळ आज पाण्याखाली बुडवून ठेवला आहे. ते पाणी कायम राखावं लागतं.

मर्डॉक यांचं सगळ्यात गाजलेलं चित्र, ‘थंडरबर्ड वूमन’, म्हणजे ठळक रेषांत काढलेली पंखवाली बाई. थंडरबर्ड हा ओजिब्वे कथांमधला मेघगर्जना करणारा पक्षी. २०१६ मध्ये नॉर्थ डकोटातल्या स्टँडिंग रॉक इथं तेलवाहिनीविरोधी आंदोलनात ती फलकाफलकावर होती. ओनामननं अशी चित्रं फलकांसाठी सगळ्यांना खुली करून दिली. मला यातली कारागिरी आवडते: एकच रंग, छटा नाहीत, त्यामुळे छाप कापून कोणालाही कापडावर उमटवता येते. निमकी आझिबिकाँग या त्यांच्या रानातल्या शिबिरात तरुण मुलं वडीलधाऱ्यांकडून ओजिब्वे भाषा आणि रानातली कामं शिकतात. निमकी म्हणजे मेघगर्जना, थंडरबर्डचा आवाज.